'वाढवा' नावाचं बटण

नाव काढायलासुद्धा जागा लागते, हे प्रभुलिंग फोरमनना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही एका कॉम्प्युटरकडून.

समोरच्या पिठाच्या गिरणीची मालकीण बसव्वा. तिची मुलगी रक्षिता यंदा बी.कॉम. झाली. प्रभुलिंगांची बायको दानेश्वरी दवाखान्यात शेवटचं नीट बोलली, तेव्हा तिनं तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गॅसचा नंबर लावा, घरात आलात की चपला जागेवर काढा, आणि रक्षिताचं शिक्षण पुरं झालं की तिचं नाव माझ्या फायलीत घाला, चांगलं घर बघा. गॅसचा नंबर त्यांनी लावला. चपला ते आता इतक्या सरळ ठेवत की येणाऱ्याला वाटावं, घरात कुणी शिस्तीचं माणूस राहतंय. तिसरी गोष्ट राहिली होती.

फाईल म्हणजे दानेश्वरीचं वधू-वर केंद्र. उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत, घराच्या बाहेरच्या खोलीत तिनं ते चालवलं. आधी फोटो बिस्किटांच्या डब्यात असायचे, दोन हजार साली कॉम्प्युटर आला. प्रभुलिंगांनी त्याला कधी हात लावला नव्हता. सगळा जन्म लेथवर गेलेला. ज्या मशीनला तेल-ग्रीस लागत नाही, त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पण ती गेल्यावर ते रोज संध्याकाळी तो चालू करायला शिकले, त्याला कारण होतं. प्रोग्राम उघडला की पहिलं नाव आपोआप समोर यायचं. शिकताना नमुना म्हणून दानेश्वरीनं स्वतःचंच स्थळ त्यात घातलं होतं. वय बावीस. शिक्षण अकरावी. रंग, 'बघणाऱ्यानं ठरवावा'. अट, 'मुलानं चपला जागेवर काढाव्यात'. आणि बाजूला लग्नाआधीचा फोटो, महाद्वार रोडवरच्या स्टुडिओत काढलेला. प्रभुलिंग चहाचा कप घेऊन समोर बसायचे. चहा संपला की मशीन बंद करायचे. एवढंच त्यांचं कॉम्प्युटरचं काम.

तर रक्षिताचं नाव घालायला बसव्वा बाजूला बसली आणि प्रभुलिंग एका बोटानं टाइप करू लागले. जन्मतारखेला अर्धा तास गेला. अटीच्या रकान्यात काय घालायचं, असं विचारल्यावर बसव्वा म्हणाली, "लिवा दाजी, अंगावर पीठ उडालं तर नाक मुरडणारं घर नको." तेही घातलं. 'जतन करा' दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली.

"काय म्हंतंय?" बसव्वानं विचारलं.

प्रभुलिंगांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. "मोठी झालीय म्हंतंय."

"मोठी झालीय म्हणूनच तर बघायला लागलोय की! हेला काय कळतंय का न्हाय?"

मोठी झाली होती ती फाईल. पण हे कळायला पुढं तीन आठवडे आणि सगळी गल्ली लागली.

पहिले आले शेजारचे आण्णा. आण्णांचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरमध्ये होता, त्यामुळं गल्लीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर आण्णांचा वारसाहक्क होता. त्यांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि निदान केलं, "डिस्क भरली, फोरमन. नवी टाका. चाळीस जीबीची टाका, तुमच्या नातवंडांस्नी पुरंल."

प्रभुलिंगांना नातवंडं नव्हती, पण त्यांनी डिस्क आणली. दुकानदारानं ती बसवली, जुनी फाईल तिच्यात ओतली आणि जुनी डिस्क मोडीत ठेवून घेतली. प्रभुलिंगांनी रक्षिताचं नाव पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं. तीच चौकट.

"चाळीसचं घर बांधलं, तरी एक पावणं मावंना?" आण्णा डब्यावरच रागावले. "तापलं असणार. फॅन लावा."

मग टेबलफॅन डब्याकडं तोंड करून लावला. प्रभुलिंग घामानं भिजत बसले आणि डबा गार वारा खात बसला. चौकट तीच. दुसऱ्या दिवशी बसव्वा येताना विभूती घेऊन आली आणि डब्यावर तीन बोटं ओढली. त्यानं चौकट गेली नाही, पण डबा एकदम घरातला दिसायला लागला.

शेवटी प्रभुलिंग दुकानदाराकडं परत गेले. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडत होता. वर न बघताच म्हणाला, "काका, जुनी नावं काढा की. ज्यांची लग्नं झाली त्यांची कशाला ठेवलाय?"

हे पटण्यासारखं होतं. आठच दिवसांपूर्वी गडहिंग्लजहून एका गृहस्थांचा फोन आला होता. "आमच्या सुनेला तुमच्या जुन्या यादीवरनं अजून स्थळं येत्यात. दोन पोरं हायत तिला! परवा एक पावणा बघायला आलता, धाकटं पोरगं त्येच्या मांडीवर जाऊन बसलं." प्रभुलिंगांनी फोनवरच हात जोडले होते, ते तिकडं दिसले नसणार.

लग्न जमलं की नाव कसं हलवायचं, हे त्यांना माहीत होतं. दानेश्वरीचा नियमच होता. प्रोग्राम लिहिणाऱ्या धवलनं त्या बटणावर आधी 'काढून टाका' लिहिलं होतं. दानेश्वरी त्याच्यावर खवळली होती. "लग्न जमलेल्या पोरीला काढून टाका? आपण नारळ फोडतो म्हंतो का? वाढवतो म्हंतो. बांगडी वाढली म्हंतो. रात्री दुकान वाढवतो. शुभ कामात असली तोडातोडीची भाषा नको. बटणाला 'वाढवा' नाव दे." धवलनं दिलं. आलेल्या आईबापांना 'जमल्यावर आमच्या मुलीचं नाव राहणार नाही ना?' अशी काळजी असायची. मग दानेश्वरी स्वतःचंच नाव समोर घ्यायची. "हे बघा, समजा माझं जमलं. मग मी काय करनार? हे वाढवनार." आणि बटण दाबून दाखवायची. पडद्यावर 'झाले' असं यायचं. आईबाप निर्धास्त होऊन चहा प्यायचे. तिचं नाव परत पहिल्या जागेवर दिसायचं ते नमुन्याचं म्हणून, असं ती समजायची. सहा वर्षं हेच चाललं.

तेव्हा प्रभुलिंगांनी गडहिंग्लजच्या सुनेचं नाव समोर घेतलं आणि 'वाढवा' दाबलं.

तीच चौकट. जागा नाही.

"नाव काढायला जागा न्हाई?" आण्णा उठून उभे राहिले. "काढायला जागा लागंल कशाला? पोत्यातनं तांदूळ काढायला दुसरं पोतं लागतंय व्हय?"

"लागतंय की," बसव्वा दारातनं म्हणाली. "काढलेला ठेवनार कुठं?"

आण्णा परत खाली बसले. त्या दिवशी त्यांनी पुढं काही सल्ला दिला नाही.

आता धवलच. पण तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात लागला होता. फोनवर म्हणाला, "काका, सुट्टी मिळत नाही. डबा इकडं घेऊन या. दुसरी कॉपी आहे ना घरी?"

"कशाची?"

फोनवर आधी 'अरे देवा' ऐकू आलं. "काका, जपून आणा."

त्या 'अरे देवा'तच प्रभुलिंगांना कळायचं ते कळलं. दानेश्वरीचं सगळं काम, तिचा तो फोटो, ते चहाचं बसणं, सगळं या एका पत्र्याच्या डब्यात होतं आणि दुसरीकडं कुठंच नव्हतं. त्यांनी कपाटातनं तिचं एक जुनं इरकल लुगडं काढलं, डबा त्यात गुंडाळला आणि लहान पोरासारखा कडेवर घेऊन कागलच्या बसमध्ये चढले.

कंडक्टरनं विचारलं, "सामान काय हाय?"

"सामान न्हाई. मंडळींचं काम हाय."

कंडक्टरनं इरकलाकडं बघितलं, त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि तिकीट एकच फाडलं.

कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन मात्र इतका मऊ नव्हता. त्याच्याकडं दोन रजिस्टरं होती, एक माणसांचं, एक मालाचं. प्रभुलिंग माणसांच्यात गेले, डबा मालाच्यात. "मटेरियल, नग एक," असं लिहून त्यानं इरकलावरच खडूनं नंबर घातला. प्रभुलिंगांना ते आवडलं नाही. इरकलाला खडू!

धवलला चष्मा लागला होता, अंगानं थोडा सुटला होता. त्यानं डबा जोडला, फाईल उघडली आणि दोन मिनिटांत सांगितलं, "काका, आपली नावांची सगळी यादी एका फाईलमध्ये असते, आणि ती फाईल दोन जीबीच्या वर वाढतच नाही. डिस्क चाळीसची घाला नाहीतर चारशेची."

प्रभुलिंगांना हे लगेच समजलं. "म्हणजे शेड कितीबी मोठं बांधलं तरी लेथचा बेड सहा फुटीच. आठ फुटी जॉब त्याच्यावर चढनार न्हाई."

"बरोबर!" धवलला ते इतकं आवडलं की त्यानं ते पाठ करण्यासाठी पुन्हा एकदा म्हणून घेतलं. मग तो पडद्याकडं वळला आणि त्याचा चेहरा बदलला. "पण काका, केंद्रात नावं असून असून किती असणार? दोन जीबी भरणार कसं?" त्यानं यादी नावांप्रमाणं लावली. "ही गडहिंग्लजची मुलगी चार वेळा आहे. ही तीन वेळा. हा मुलगा पाच वेळा. काका, ही लग्न झालेलीच माणसं का वाढलीत?"

आणि मग 'द' आला.

दानेश्वरी. दानेश्वरी. दानेश्वरी. धवल खालची कळ दाबत राहिला, पान सरकत राहिलं आणि पानावर दुसरं नाव येईना. प्रत्येक ओळीत वय बावीस. प्रत्येक ओळीत चपला जागेवर.

"अडीचशेच्या वर आहेत," धवल हळू म्हणाला. "आणि हिचाच फोटो केवढा आहे बघा. बाकी सगळ्यांचे फोटो बारीक करून घेतलेत. हा तेवढा आहे तसा."

तो फोटो स्कॅन झाला त्या दिवशी प्रभुलिंग रजा काढून घरी होते. मशीनशेजारी उभं राहून त्यांनीच धवलला दम दिला होता, "हिचा बारका करू नकोस. जसा हाय तसा आला पायजे." आता ते खुर्चीत बसून तेच नाव सरकताना बघत होते.

धवलनं आपला जुना प्रोग्राम उघडला, खाली गेला, आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "काका, काकूंनी मला बटणाला 'वाढवा' नाव दे म्हणून सांगितलं. मला वाटलं काम पण बदललं त्यांनी. मी वाढवायचं बटण केलं! दाबलं की त्या नावाची अजून एक प्रत शेवटी घालायची. आमच्या घरात अर्धं गुजराती, शाळा इंग्लिश. 'वाढवा' मला माहीत ते मिसळीच्या दुकानातलं. 'वाढवा' म्हटलं की अजून कट येतो!"

म्हणजे तिला वाटायचं ती नावं संपवतेय, आणि ती वाढवत होती. सहा वर्षं येईल त्या आईबापापुढं 'समजा माझं जमलं' म्हणून ती बटण दाबत होती, आणि दर वेळी आत अजून एक दानेश्वरी जाऊन बसत होती. ती गेली म्हणून घर रिकामं झालंय असं प्रभुलिंग दीड वर्ष धरून चालले होते. आणि बाहेरच्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ती इतकी भरली होती की रक्षिताला पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

प्रभुलिंगांना हसू आलं. आधी नाकातनं, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना टेबलाला धरावं लागलं. शेजारच्या टेबलांवरची पोरं वळून बघायला लागली. त्या दवाखान्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते, म्हणून थांबायचं कसं ते त्यांना आठवेना. धवलनं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते पाण्याचंच निमित्त करून डोळे पुसत बसले.

"काका, या प्रती काढायला लागतील," धवल म्हणाला. "काढू?"

"काढू म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"वाढव म्हण."

धवलनं कळीवरचं बोट उचललं. "काका, नक्की कुठलं वाढव?"

"तिचं," प्रभुलिंग म्हणाले. "तिच्या अर्थाचं."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर एक ट्रक मागं येत होता आणि एक माणूस त्याला 'येऊ दे, येऊ दे' करत होता. पाठीमागं कळा वाजत होत्या. ट्रक भिंतीला लागता लागता राहिला तेव्हा धवल म्हणाला, "झालं. आता फाईल आवळून घेतली, एकदम बारकी झाली. काकूंची एक ठेवलीय. पुरे ना एक?"

"एकच होती की," प्रभुलिंग म्हणाले.

धवलनं बटणही नीट केलं. आता 'वाढवा' म्हणजे दानेश्वरीचं वाढवा. शिवाय लागलीच सीडीच्या दोन चकत्यांवर प्रती काढून दिल्या.

संध्याकाळी ते डबा कडेवर घेऊन गेटवर आले, तर वॉचमननं दांडकं आडवं केलं. "पावणं, तुम्ही जावा. डबा जाणार न्हाई."

"का?"

"मटेरियल आत आलं. मटेरियल बाहेर जायला चलन लागतंय, चलनाला बिल लागतंय, आणि बिल करणारा सायेब पाचला जातोय. सोमवारी या."

प्रभुलिंगांनी तिथंच फरशीवर डबा ठेवला आणि त्याच्या शेजारी मांडी घातली. "मग आम्ही दोघंबी सोमवारी जातो."

"आवं, असं कसं? रात्री इथं माणूस ठेवता येत न्हाई."

"मग माणूस जाऊ दे की."

"माणूस जाऊ देतोयच की! डबा न्हाय!"

हे असं बराच वेळ चाललं. धवल धावत आला, त्याचं कुणी ऐकेना. शेवटी त्यानं स्टोअरच्या साहेबांना बोलावून आणलं. स्टोअरचे नृसिंह साहेब डबा बघून वैतागले, इरकल बघून थांबले आणि आतलं काय ते ऐकून उजळले. "उद्यमनगरातल्या दानेश्वरीबाईंचं केंद्र? आमचं तिथंच जमलं की हो! बाई कशा हायत?"

प्रभुलिंगांनी वर बघितलं. नृसिंह साहेबांना उत्तर मिळालं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि थोड्या वेळानं परत घातली.

"एक मात्र विचारायचं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "लग्नाला पाच वर्षं झाली, तरी मला अजून मुलींची पत्रं येत्यात. घरी लई जड जातंय."

धवल बुटांकडं बघत राहिला. "सर, ते आजच बंद झालं."

"चांगलं झालं," नृसिंह साहेब म्हणाले, आणि वॉचमनकडं वळले. "मालाच्या रजिस्टरातनं हे खोडा. हा माल न्हाई. माणसांच्या रजिस्टरात घ्या."

"डबा? माणसांच्यात? नाव काय लिवू सायेब?"

साहेबांनी प्रभुलिंगांकडं बघितलं. प्रभुलिंग म्हणाले, "दानेश्वरी."

वॉचमननं लिहिलं. दानेश्वरी, पाहुणी, बाहेर. मग खिशातला रुमाल काढून इरकलावरचा खडू त्यानं स्वतःच झटकला.

त्या रात्री घरी रक्षिताचं नाव फायलीत गेलं. चौकट आली नाही. बसव्वानं डब्यावरची विभूती ताजी केली. आण्णा म्हणाले, "मी म्हनत हुतोच, प्रोग्राममध्येच काय तरी हाय." त्यांना कुणी आठवण करून दिली नाही.

आता नवी यादी छापून ठिकठिकाणच्या घरांना पाठवायची. प्रभुलिंगांनी छापली, पाकिटात घातली, पोस्टात टाकली. पण एक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. यादीचं पहिलं पान नमुन्याचं असायचं, आणि दानेश्वरी ते दर वेळी हातानं बाजूला काढायची. यांनी सगळीच पानं पाठवली.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला.

"पावणं, चंदगडास्नं बोलतोय. काजूचा कारखाना हाय आमचा, बारकाच हाय. तुमची यादी मिळाली. पोरासाठी विचारायचं हुतं. ती पयल्या पानावरची मुलगी, दानेश्वरी. अट लई आवडली बघा आम्हाला. आमच्या घरात चपला म्हंजे नुसता बाजार झालाय, अशीच मुलगी पायजे. ते स्थळ अजून हाय न्हवं?"

प्रभुलिंग खुर्चीत बसले. मशीन चालू होतं, पहिलं नाव समोर होतं, चहा अर्धा झाला होता.

"न्हाई," ते म्हणाले. "ते जमलं."

"अरारा! कवा?"

"झाली की बरीच वर्षं."

"कुठं दिली?"

"हितंच, कोल्हापुरात."

"घर चांगलं मिळालं का?"

प्रभुलिंगांनी दाराकडं बघितलं. चपला भिंतीला लागून, जोडीनं, सरळ होत्या. "आता बरं हाय," ते म्हणाले. "आधी जरा चपलांचा तरास हुता."

तिकडचा माणूस मोठ्यानं हसला. "तुम्ही मुलीचे कोण? वडील?"

"न्हाई. मीच ते स्थळ."

तिकडचं हसू थांबलं. माणूस जुना होता, कळलं असावं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "मग पावणं, नाव वाढवायचं न्हवं का यादीतनं?"

"वाढवलंय हो," प्रभुलिंग म्हणाले. "तिनंच लई वेळा वाढवलंय." त्यांनी कप बाजूला सरकवला, चष्मा पुसला आणि रक्षिताचं पान समोर घेतलं. "ते असू द्या. आधी मला एक सांगा, तुमच्या घरात अंगावर पीठ उडालेलं चालतं का?"